नवमीची लाल चौकट



संवत्सरी आता आठवड्यावर आली आहे. दरवर्षी या दिवसांत पारण्याच्या तयारीबद्दल नाहीतर तपाबद्दल लिहिते. आज मात्र तुम्हाला स्वयंपाकघरातून उठवून आमच्या संगणकाच्या टेबलापाशी नेणार आहे. कारण यंदा खमावण्याची वेळ माझ्यावर संवत्सरीच्या आधीच आली, आणि ती आली या संगणकापायी.

आमचं भांडगाव पुणे-सोलापूर रस्त्यावरचं. पुण्याकडून येताना यवत मागे पडलं की आम्ही. दुकान भुसार-किराण्याचं आणि घर दुकानाच्या मागेच. आमचे हे गल्ल्यावर बसतात आणि हिशेब माझ्याकडे. मी बी.कॉम. केलं तेव्हा खतावणी शाईने लिहीत होते. आता तीच खतावणी टॅलीत आहे. संगणक २०१२ साली मुलासाठी घेतलेला. तो नोकरीला पुण्यात गेला आणि संगणक माझ्याकडे राहिला. गावातली उधारी, जीएसटी, बँक, सगळं त्यातच. म्हणून त्यात अँटिव्हायरसही पैसे भरून घेतलेला, आणि नूतनीकरण वेळच्या वेळी केलेलं.

उन्हाळ्याच्या शेवटी एक दिवस पहाटेची सामायिक आटोपून संगणक लावला, तर पडद्यावर लाल चौकट. ‘तुमचा संगणक सुरक्षित नाही. अपडेट अयशस्वी. परवाना वैध नाही.’ दोन महिन्यांपूर्वी तर पैसे भरले होते! पावती काढून बघितली, बरोबर होती. चहा-नाश्ता आवरून परत आले तोवर चौकट गायब. म्हटलं, झालं असेल काहीतरी. पुढच्या आठवड्यात परत तेच. सकाळी लाल चौकट, नऊ-साडेनऊपर्यंत आपोआप ठीक. निदान मला तरी ते आपोआप वाटत होतं.

आमच्या दुकानात कामाला एक मुलगा होता, एकोणीस-वीस वर्षांचा, गावातलाच. सकाळी साडेआठला आला की आधी घरात येऊन संगणकावरून दिवसाच्या भावाचा कागद छापायचा, मग दुकान उघडायचा. खिशात कायम एक पेन ड्राइव्ह. त्यात गाणी, झेरॉक्सच्या दुकानातून आणलेले फॉर्म, असं काय काय. पेन ड्राइव्हमधून व्हायरस येतो हे मी ऐकून होते, आणि ते खोटंही नाही. तेव्हापासून माझ्या मनात पाल चुकचुकायला लागली.

मग वीस जून उजाडला. जीएसटीच्या ३-बी विवरणपत्राची शेवटची तारीख. उशीर झाला की दिवसाला पन्नास रुपये लेट फी. सकाळी सहाला बसले, तर लाल चौकट. जीएसटीचं पोर्टल उघडेना. बँकेचं पान उघडायला गेले तर तिथेही ‘कनेक्शन सुरक्षित नाही’. बंद करून परत लावलं, तेच. त्या दिवशी नेमका तो मुलगाही उशिरा आला. दहा वाजता आला तेव्हा माझा पारा चढलेला होता. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी असताना मी त्याला म्हणाले, “तुझ्या त्या पेन ड्राइव्हने माझ्या संगणकात कीड आणली. आण तो इकडे.”

तो गडबडला. पेन ड्राइव्ह काढून दिला आणि म्हणाला, “काकू, खाली तारीख बघा ना, तारीख...”

मी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. “तारीख मला शिकवू नकोस. आज वीस आहे, मला चांगलं ठाऊक आहे!”

गिऱ्हाइकं हसली. तो मान खाली घालून गोण्या उचलायला लागला. मी कागद घेऊन दौंडला आमच्या सीएंच्या ऑफिसात गेले, तिथून विवरणपत्र भरलं, दंड वाचला. आणि पेन ड्राइव्ह टेबलाच्या खणात टाकला.

त्यानंतर संगणक दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्याने सांगितलं की यात दोन अँटिव्हायरस आहेत, एक आपण घेतलेला आणि एक संगणकाबरोबर फुकट आलेला जुना, आणि ते दोघे एकमेकांना अडवतात. ही गोष्ट खरी असते. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालू ठेवू नयेत. प्रत्येक जण दुसऱ्यालाच घुसखोर समजतो आणि संगणक मंद होतो. त्याने सगळं पुसून नव्याने विंडोज टाकलं, एकच अँटिव्हायरस ठेवला, आठशे रुपये घेतले. मला वाटलं, सुटलो. आठ-दहा दिवसांनी सकाळी लाल चौकट परत हजर.

मध्ये एक मोठी चूक होता होता वाचले, तीही सांगते. चौकटीतलं वाक्य इंटरनेटवर शोधत होते, तर अचानक पूर्ण पडदाभर इशारा आला, भोंगा वाजायला लागला, आणि खाली फोन नंबर: लगेच फोन करा, नाहीतर सगळी माहिती जाईल. मी फोन हातात घेतला होता. हे मागून म्हणाले, “डॉक्टर कधी रस्त्यात ओरडून पेशंट बोलावतो का?” म्हणून थांबले. मैत्रिणींनो, असा भोंगा वाजवून फोन करायला लावणारं पान म्हणजे फसवणूक, हे पक्कं धरा. फोन केला की ते तुमच्या संगणकाचा ताबा मागतात, मग बँकेचा. पान बंद होत नसेल तर संगणकच बंद करा. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर फोन करायचा, हा सरकारचा सायबर फसवणुकीसाठीचा क्रमांक आहे. जितका लवकर कराल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

त्या दिवशी ठरवलं की आता वही घालायची. कॉलेजात तेरीज जुळली नाही की आम्हाला शिकवायचे, रडत बसू नका, तफावतीकडे बघा. तफावतीला नऊने भाग जात असेल तर बहुतेक कुठेतरी आकडे उलटसुलट पडलेत, ५४ चे ४५ झालेत. तफावत दोनने भागून जो आकडा येतो तो वहीत सापडला, तर ती रक्कम चुकीच्या बाजूला गेली असेल. चूकसुद्धा आपली खूण ठेवून जाते. म्हटलं, ही लाल चौकट पण काही खूण ठेवत असेल.

एक जुनी शंभर पानी घेतली आणि रकाने आखले: तारीख, किती वाजता आली, किती वाजता गेली, आदल्या दिवशी काय झालं. आपल्या सवयीने तारखेपुढे तिथीही लिहिली.

सहा आठवड्यांत सात नोंदी झाल्या. एका दुपारी चष्मा लावून तिथीचा रकाना वाचला आणि अंगावर काटा आला. नवमी, पौर्णिमा, नवमी, अमावस्या, नवमी. सातांपैकी पाच वेळा आठम किंवा चौदस यांच्या दुसऱ्या दिवशी! सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या की यंत्रालाही पारणं लागतं. उरलेल्या दोन नोंदी मात्र तिथीत बसेनात. त्यांच्या समोरच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘रात्री वादळ, पहाटेपर्यंत लाइट नाही.’

आठम-चौदसला मी उपवास किंवा एकासणं करते आणि संगणकाला हात लावत नाही. आदल्या संध्याकाळीच बोर्डावरचं बटण बंद करते ते दुसऱ्या दिवसानंतरच्या पहाटे लावते. म्हणजे तिथीचा संबंध नव्हता, बटणाचा होता. संगणकाला रात्रभर वीज मिळाली नाही की दुसऱ्या दिवशी लाल चौकट येत होती. पण इतर दिवशी तर मी संगणक नुसता बंद करते आणि बोर्डाचं बटण चालूच राहतं, तेव्हा काही होत नाही. विजेचा आणि व्हायरसचा काय संबंध, ते काही समजेना.

तेवढ्यात ऑगस्ट लागला आणि तो मुलगा काम सोडून गेला. कुरकुंभच्या एमआयडीसीत कंपनीत लागला. आम्ही म्हटलं, पगार जास्त असेल. त्यानंतरची पहिली आठम झाली, नवमी आली, लाल चौकट आली. या वेळी मात्र ती गेली नाही. नऊ वाजले, बारा वाजले, संध्याकाळ झाली, दुसरा दिवस उजाडला, चौकट तिथेच.

मी वही घेऊन बसले. कीड जर त्याच्या पेन ड्राइव्हची होती, तर तो आणि पेन ड्राइव्ह दोन्ही गेल्यावर ती थांबायला हवी होती. इथे तर उलट झालं. तो गेला आणि जी चौकट रोज दोन तासांत जायची ती ठाण मांडून बसली. दोन तासांत ती जात होती की कुणी घालवत होतं? ‘किती वाजता गेली’ हा रकाना पाहिला: ८.४५, ८.५०, ९, ८.४०. त्याची भाव छापायची वेळ.

मग बँकेच्या पानावरचा इशारा पहिल्यांदा पूर्ण वाचला. आजवर लाल दिसलं की मी बंद करत होते. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की तुमच्या संगणकाचं घड्याळ मागे आहे. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली बघितलं. तारीख होती १ जानेवारी २०१२.

“काकू, खाली तारीख बघा ना.” तेव्हा त्याने एवढंच तर सांगितलं होतं.

भिंतीवर कालनिर्णय असताना त्या कोपऱ्यातले बारीक आकडे कोण बघतं? आणि टॅली स्वतःची तारीख धरून चालतं, आदल्या नोंदीची, त्यामुळे हिशेबातही शंका आली नाही.

आता कारण सांगते, तुमच्याही घरी जुना संगणक असेल तर उपयोगी पडेल. संगणकाच्या आत मुख्य पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर, रुपयाच्या नाण्यासारखा एक गोल सेल असतो. बहुतेक संगणकांत त्याचा क्रमांक सीआर २०३२: वीस मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड, तीन व्होल्टचा. वीज बंद असताना घड्याळ चालू ठेवायचं काम त्याचं. बोर्डाचं बटण चालू असलं की घड्याळाला विजेवरून आधार मिळतो, म्हणून तो सेल काही वर्षं सहज टिकतो. पण तो संपत आला की लांब वेळ वीज गेल्यावर घड्याळ थांबतं आणि संगणक आपल्या कारखान्यातल्या मूळ तारखेवर परत जातो. आमचा सेल तासाभराची लाइट गेली तर तग धरायचा, रात्रभर नाही.

आणि अँटिव्हायरसने तरी काय करावं? त्याचा परवाना अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत असतो. व्हायरसच्या याद्या रोज नव्या येतात, त्यांच्यावरही तारीख असते. बँकेच्या आणि जीएसटीच्या पानांना ओळखीचा दाखला असतो, त्यालाही मुदत असते. संगणक म्हणतो आज २०१२ आहे, आणि समोर दाखला यंदाचा. २०१२ च्या वहीत यंदाची पावती आली तर तुम्ही-मी तरी मान्य करू का? अँटिव्हायरस खोटं बोलत नव्हता. इंटरनेटवरून वेळ आपोआप दुरुस्त व्हायची सोय असते खरी, पण फरक फार मोठा असला की ती दुरुस्ती होत नाही. आमच्याकडे तर दहा वर्षांहून जास्त फरक होता.

सेल बदलायला वीस मिनिटं लागली. करायचं ते असं: संगणक बंद करायचा, वायर भिंतीतून काढायची. पेटीच्या उघड्या धातूला हात लावायचा, म्हणजे अंगातली वीज उतरते. जुना सेल कसा बसला आहे त्याचा आधी फोटो काढायचा. अधिक खूण सहसा वरच्या बाजूला असते. बारीक खिटी दाबली की तो उचलून येतो. नवा तसाच बसवायचा. मग संगणक लावून तारीख, वेळ आणि भारताची वेळ निवडली आहे ना ते बघायचं आणि अँटिव्हायरसला अपडेट करायला सांगायचं. सेल घड्याळजीकडेही मिळतो, काही दहा रुपयांचं काम. हात लावायची भीती वाटत असेल तर दुरुस्तीवाल्याला ‘आधी सेल बघा’ एवढं सांगा. आणि जुना सेल घरात कुठेही ठेवू नका. लहान मुलाने गिळला तर काही तासांत अन्ननलिका आतून भाजते, लगेच दवाखाना गाठावा लागतो. तो ई-कचऱ्यातच द्यायचा.

मुलाला फोनवर हे सांगितलं तेव्हा त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. १९९२ साली मायकेलअँजेलो नावाच्या व्हायरसची जगभर भीती होती. तो ६ मार्चलाच जागा व्हायचा आणि डिस्कवरची माहिती पुसायचा. तेव्हा त्यावर एक तोडगा असाही होता की त्या दिवशी संगणकाची तारीखच बदलून ठेवा! म्हणजे तारखेचं आणि व्हायरसचं नातं जुनंच आहे. त्याच नव्वदच्या दशकात आपल्या पुण्यात कैलास काटकर कॅल्क्युलेटर आणि संगणक दुरुस्त करत होते; त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी अँटिव्हायरस लिहिला आणि त्यातून क्विक हील उभी राहिली. आमच्याकडचा अँटिव्हायरस दुसऱ्या कंपनीचा, पण मला काटकरांची गोष्ट आवडली ती यासाठी की दुरुस्तीच्या बाकावरचा माणूस आधी ऐकतो की काय बिघडलं आहे. मी ऐकलं नव्हतं.

आपण प्रतिक्रमणात अठरा पापस्थानं म्हणतो. तेरावं अभ्याख्यान, म्हणजे नसलेला दोष दुसऱ्याच्या माथी मारणं. इतकी वर्षं म्हणते आहे. प्राणातिपात, मृषावाद यांच्यापाशी आवाज जरा हळू होतो, तेरावं मात्र पटकन निघून जायचं. मला वाटायचं, आपण कुणावर कशाला खोटा आळ घेऊ? आणि मी तो घेतला होता चार गिऱ्हाइकांसमोर, एकोणीस वर्षांच्या पोरावर, जो रोज सकाळी न सांगता माझं काम नीट करून देत होता.

संवत्सरीपर्यंत थांबायचं का, असं ह्यांनी विचारलं. मी म्हटलं, सेल तर आजच बदलला ना, मग हे कशाला लांबवायचं. त्याचा पेन ड्राइव्ह खणातून काढला. आधी अँटिव्हायरसने तपासून घेतला, आत काय आहे ते उघडून बघितलं नाही. एकही व्हायरस नव्हता.

रविवारी त्याला सुट्टी होती. सूर्यास्ताच्या आधी परत यायचं म्हणून आम्ही दोघं चार वाजताच त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने “या भाभी” म्हणून सतरंजी अंथरली. मी पेन ड्राइव्ह त्याच्या हातात दिला आणि सगळ्यांसमोर म्हटलं, “माझं चुकलं बाळा. तुझा काही दोष नव्हता. मिच्छामि दुक्कडं.”

तो ओशाळला. म्हणाला, “जाऊ द्या काकू. मी रोज तारीख नीट करून द्यायचो. सेल बदला म्हणून सांगणार होतो, पण तुम्ही तेव्हा चिडला होतात. नंतर मग धीर नाही झाला.”

त्याची आई हळूच म्हणाली, “भाभी, त्या दिवशी घरी येऊन जेवला नव्हता तो.”

यावर मला काही बोलता आलं नाही. ह्यांनी दुकानात परत येतोस का विचारलं. तो नम्रपणे नाही म्हणाला, कंपनीत बरं चाललंय. ते योग्यच आहे. माफी मागितली म्हणजे सगळं आधीसारखं होतं असं नाही, सेल बदलला तरी गेलेले दिवस घड्याळात भरून येत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात, त्या दिवशी हसलेल्या गिऱ्हाइकांपैकी दोघे आले होते, त्यांनाही मी सांगितलं की दोष माझ्या संगणकाच्या सेलचा होता, त्या मुलाचा नव्हता. आळ चारचौघांत घेतला तर तो उतरवायचाही चारचौघांतच.

त्यानंतर एक आठम आणि एक चौदस होऊन गेली. बटण नेहमीसारखं बंद ठेवलं. नवमीला पहाटे संगणक लावला, आधी खाली कोपऱ्यात तारीख बघितली. बरोबर होती. शंभर पानी वहीत शेवटची नोंद केली, ‘चौकट नाही’, आणि खाली दोन रेघा मारून खातं बंद केलं.

तुमच्या घरी काही पुन्हा पुन्हा बिघडत असेल तर कुणाचं नाव घेण्याआधी आठ-दहा दिवस वही घाला, आणि समोरचा काही सांगत असेल तर त्याचं वाक्य पूर्ण होऊ द्या.

या वर्षभरात माझ्या लिहिण्या-बोलण्याने तुमच्यापैकी कुणाचं मन दुखावलं असेल तर मन, वचन, कायेने मिच्छामि दुक्कडं.